छोट्या गावचे रेडिओ केंद्र : परवान्याचे नवे-जुने वेळेवर करा

पूर्वी घरात रेडिओ आणला की त्याचे लायसन्स काढावे लागे, हे जुन्या पिढीतील शेतकरी बांधवांना आठवत असेल. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचा, अशी पद्धत होती. १९८० च्या दशकात ती बंद झाली. आज रेडिओ ऐकण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. रेडिओवरून बोलण्यासाठी, म्हणजे प्रक्षेपण केंद्र चालविण्यासाठी, मात्र परवानगी आजही घ्यावी लागते. या परवानगीला मुदत असते व मुदत संपण्यापूर्वी तिचे नूतनीकरण करावे लागते. आपण सोसायटीच्या पीककर्जाचे दरवर्षी नवे-जुने करतो, तसाच हा व्यवहार आहे.

गेल्या खरिपात दहिवली येथे भाताच्या शिवारफेरीनंतर बांधावर बसून चर्चा चालली होती. एका शेतकऱ्याने विचारले, "सर, मुंबईच्या रेडिओवर दिवसभर गाणी लागतात. आमच्या भातावर करपा आलाय की तुडतुडे, हे कोण सांगणार? आपल्या कर्जतला स्वतःचे केंद्र का निघू नये?" त्यावर शेजारी बसलेले एक वयस्कर काका म्हणाले, "निघेल हो, पण टिकेल का ते सांगा."

काकांचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. केंद्र सुरू करण्याची माहिती बऱ्याच ठिकाणी मिळते. सुरू झालेले केंद्र परवान्याअभावी बंद पडू नये म्हणून काय करावे, याबद्दल फारसे बोलले जात नाही. प्रस्तुत लेखात त्याची माहिती दिली आहे.

लहरींची मालकी कोणाची?

रेडिओच्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु त्या अमर्याद नाहीत. एकाच भागात दोन केंद्रे एकाच लहरीवर बोलू लागली तर दोन्ही नीट ऐकू येत नाहीत. पाटाचे पाणी पाळीने द्यावे लागते, तशाच लहरी वाटून द्याव्या लागतात. म्हणून १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी संदेश कायदा यांनी हे अधिकार सरकारकडे ठेवले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही विनापरवाना प्रक्षेपणास मुभा नाही.

दीर्घकाळ याचा अर्थ असा घेतला गेला की लहरी सरकारच्याच आहेत. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे या खंडपीठावर होते. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर लोकहितासाठी व्हावा आणि त्यावर सार्वजनिक यंत्रणेचे नियंत्रण असावे, असे न्यायालयाने सांगितले. या निकालामुळे गावाने स्वतःचे केंद्र चालविण्याच्या मागणीला कायद्याचा आधार मिळाला.

पुढे डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना अशी केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. २००६ च्या अखेरीस धोरण अधिक व्यापक झाले. नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था, कृषि विद्यापीठे, भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या संस्था व कृषि विज्ञान केंद्रे यांनाही अर्ज करता येऊ लागला. १५ ऑक्टोबर २००८ रोजी झहीराबादजवळच्या माचनूर येथे शेतमजूर व अल्पभूधारक महिलांचे 'संगम रेडिओ' सुरू झाले. त्याचे उद्घाटन न्यायमूर्ती सावंत यांच्याच हस्ते झाले, ही आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट आहे.

महाराष्ट्रात माण तालुक्यातील म्हसवड येथे २००८ पासून 'माणदेशी तरंग वाहिनी' माणदेशी बोलीत कार्यक्रम देत आली आहे. बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्राची 'शारदा कृषि वाहिनी' व राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची 'फुले कृषि वाहिनी' ही शेतीला वाहिलेली केंद्रे आहेत. जत तालुक्यातील जालिहाळ येथील 'येरळावाणी' मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत बोलते. अशा केंद्रांना सामुदायिक रेडिओ केंद्र म्हणतात.

केंद्र केवढे असते?

सामुदायिक केंद्राची प्रक्षेपण शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅटपर्यंत मर्यादित असते. मनोऱ्याची उंची जमिनीपासून किमान १५ व कमाल ३० मीटर ठेवावी लागते. सपाट भागात आवाज ५ ते १० किलोमीटर पोचतो. एफ. एम. लहरी सरळ रेषेत जात असल्याने डोंगर आडवा आला की पलीकडे ऐकू येत नाही. कर्जतच्या खोऱ्यात पश्चिमेला माथेरानचा डोंगर आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. त्यामुळे दहिवलीच्या आसपास बसविलेल्या मनोऱ्याचा आवाज खोऱ्यात चांगला फिरेल, परंतु डोंगराच्या कुशीतील वाड्यांत किंवा खालापूर तालुक्याच्या बऱ्याच गावांत तो तसाच पोचेल, असे गृहीत धरू नये.

याचा परवान्याशी थेट संबंध आहे. कोणत्या गावांसाठी केंद्र चालवणार आणि मनोरा नेमका कोठे असणार, हे अर्जात गावांच्या नावांसह लिहावे लागते. विद्यापीठाला किंवा शिक्षणसंस्थेला मनोरा आपल्या मुख्य आवारातच बसवावा लागतो. स्वयंसेवी संस्थेने तो ज्या समाजासाठी केंद्र आहे त्याच भागात बसवावा लागतो. 'जागा भाड्याची होती, मालकाने काढायला सांगितली, म्हणून मनोरा पलीकडच्या गावात नेला,' असे परस्पर करता येत नाही.

परवानग्या दोन, विसरू नये एकही

अनेक संस्थाचालकांचा येथे घोटाळा होतो. केंद्रासाठी दोन खात्यांच्या परवानग्या लागतात.

पहिली माहिती व प्रसारण मंत्रालयाची. अर्जाची छाननी झाल्यावर मंत्रालय प्रथम इरादापत्र देते आणि इतर मंजुऱ्या पूर्ण झाल्यावर संस्थेशी अनुमती करार करते. केंद्र कोण चालवणार, कशासाठी व किती वर्षे, हे या कराराने ठरते.

दुसरी दूरसंचार विभागाची. कोणत्या लहरीवर बोलायचे, मनोरा कोठे व किती उंच असावा आणि प्रक्षेपक यंत्र चालवावे की नाही, हे हा विभाग ठरवतो. लहरीच्या वापराचे शुल्कही याच विभागाकडे भरावे लागते.

या दोन्हींच्या तारखा सारख्या नसतात. बियाणे विक्रीचा परवाना ताजा आहे म्हणून दुकानदाराला खतविक्रीच्या परवान्याची तारीख विसरता येत नाही. तसेच येथेही आहे. कराराची मुदत शिल्लक असली तरी यंत्र चालविण्याची परवानगी संपली असेल तर केंद्र बोलू शकत नाही.

शुल्क दरवर्षी पूर्वीइतकेच राहील, असेही धरून चालू नये. २०१२ मध्ये लहरींचे वार्षिक शुल्क रु. १९,७०० वरून एकदम रु. ९१,००० करण्यात आले. देशभरातील छोट्या केंद्रांनी विरोध केल्यावर ही वाढ मागे घेतली गेली. परंतु ज्या केंद्राच्या खात्यात वर्षभराच्या शुल्काइतकीही शिल्लक नसते, त्याला असा एक झटकाही पुरतो.

२००६ च्या नियमांप्रमाणे अनुमती कराराची मुदत ५ वर्षे होती. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झालेल्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार सुरुवातीची मुदत १० वर्षे करण्यात आली. म्हणून शेजारच्या केंद्राची मुदत ऐकून आपली ठरवू नये. आपला करार काढून त्यावरील तारीख वाचावी.

एका केंद्राचा अनुभव

दहिवलीस येण्यापूर्वी मी घाटावरील एका भातपट्ट्यात काम करीत होतो. तेथे एका संस्थेचे छोटे केंद्र होते. आठवड्यातून एकदा मी त्यावर पीकसल्ला देत असे. संध्याकाळी गुरे बांधून झाल्यावर लोक ऐकत आणि दुसऱ्या दिवशी बाजारात भेटले की शंका विचारीत.

एका वर्षी भात पोटरीत असताना केंद्राची मुदत संपली आणि प्रक्षेपण थांबवावे लागले. परवानगी कोणी नाकारली नव्हती. नूतनीकरणासाठी मागितलेली माहिती संस्थेकडे तयार नव्हती, एवढेच. दोन वर्षांचे हिशेब तपासून घ्यायचे राहिले होते. संस्थेचे अध्यक्ष बदलले होते, पण नव्या अध्यक्षांचे नाव धर्मादाय आयुक्तांकडील दप्तरी लागलेले नव्हते. त्यामुळे कागदावर एकाचे नाव आणि अर्जावर दुसऱ्याची सही, अशी स्थिती झाली. समितीच्या बैठका चहा घेत होत असत, इतिवृत्त कोणी लिहिले नव्हते. स्थानिक लोकांच्या सहभागाचे कार्यक्रम किती झाले, याचे उत्तर सर्वांना तोंडी येत होते, पण वहीत नव्हते.

यात माझाही दोष होता. मी ध्वनिमुद्रण करून फाईल देत असे आणि घाईने निघून येत असे. नोंदवहीत विषय, तारीख व सही करण्याचा कंटाळा करीत असे. शोधल्यावर माझ्या अकरा भाषणांची नोंद सापडली नाही. ज्या शेतकऱ्यांनी माझ्याबरोबर बोलून आपले अनुभव सांगितले होते, त्यांचाही सहभाग त्यामुळे कागदावरून पुसला गेला.

केंद्र अडीच महिन्यांहून अधिक काळ मुके राहिले. त्याच सुमारास भातावर लष्करी अळी आली. ही अळी दिवसा चुडाच्या बुंध्याशी लपते आणि रात्री पाने व लोंब्या कुरतडते. त्यामुळे दिवसा शेतावर चक्कर मारणाऱ्याला ती दिसत नाही. सायंकाळनंतर बुंधे पाहावेत, बांधावरील गवत काढावे आणि खाचरात पाणी बांधून ठेवावे म्हणजे बुंध्याशी लपलेल्या अळ्या वर येतात, एवढा सल्ला वेळेवर मिळाला असता तर पुष्कळ भात वाचले असते. माझे ध्वनिमुद्रण तयार होते, पण ते लावायला केंद्र नव्हते. रस्त्यालगतच्या गावांना मोबाईलवर निरोप गेला. पण ज्या वाड्यांत मोबाईलला रेंज नव्हती, तेथे तो पोचला नाही. एका शेतकऱ्याने नंतर कापलेल्या लोंब्यांची मूठ माझ्यापुढे धरली आणि विचारले, "दर वर्षी सांगता, यंदाच का गप्प बसलात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

केंद्र पुढे सुरू झाले, हे सुदैव. कारण नियमानुसार सुरू झालेले केंद्र सलग तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिले तर परवानगी रद्द होऊन तीच लहर दुसऱ्या पात्र अर्जदाराला दिली जाऊ शकते. ते केंद्र या मर्यादेपासून काही दिवसच दूर होते.

नूतनीकरणाच्या वेळी काय पाहिले जाते?

परवानगी देताना ज्या अटी घातल्या, त्या पाळल्या का, हाच मूळ प्रश्न असतो. मुख्य अटी पुढीलप्रमाणे आहेत.

१) किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले असावेत. ते शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावेत. कर्जत-खालापूर भागात केंद्र निघाल्यास ठाकर व कातकरी बांधवांच्या बोलीला त्यात हक्काची जागा असली पाहिजे.

२) केंद्राने स्वतःच्या बातम्या व राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम देऊ नयेत. आकाशवाणीची बातमीपत्रे मूळ स्वरूपात किंवा स्थानिक बोलीत देता येतात. हवामान, नैसर्गिक आपत्ती, वीज व पाणीपुरवठा, आरोग्याच्या सूचना, परीक्षा व प्रवेश, रोजगार, स्थानिक खेळ व उत्सव यांची माहिती देण्यास अडचण नाही.

३) प्रक्षेपित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा.

४) जाहिरातींचा वेळ ठरवून दिलेल्या मर्यादेत असावा. २००६ मध्ये तासाला ५ मिनिटे ही मर्यादा होती, २०२४ च्या सूचनांनी ती १२ मिनिटे केली. गावातील भातगिरणी किंवा कृषि सेवा केंद्राची जाहिरात घेता येते. परंतु एखाद्या औषध कंपनीच्या पैशाने पीकसल्ल्याचा संपूर्ण कार्यक्रम करून तो केंद्राचा सल्ला म्हणून देऊ नये.

५) जाहिरातीचे उत्पन्न प्रथम केंद्राच्याच खर्चासाठी वापरावे. हिशेब वेगळे ठेवून दरवर्षी तपासून घ्यावेत.

६) कार्यक्रम ठरविणाऱ्या सल्लागार समितीत किमान निम्म्या सदस्य महिला असाव्यात. ही अट २०२४ च्या सूचनांत आली आहे.

७) परवानगी दुसऱ्या संस्थेला देता किंवा विकता येत नाही.

अटींचा भंग झाल्यास प्रथम एक महिन्यापर्यंत, दुसऱ्यांदा तीन महिन्यांपर्यंत प्रक्षेपण थांबविण्याची आणि त्यापुढे परवानगीच काढून घेण्याची तरतूद २००६ च्या नियमांत आहे.

चार वह्या ठेवा

वरील अटी पाळल्याचा पुरावा ऐनवेळी तयार करता येत नाही. तो रोज साठवावा लागतो. पीकपाहणीत नोंद नसेल तर शेतात भात उभे असूनही नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते, हे आपण जाणतोच. म्हणून प्रत्येक केंद्राने पुढील चार वह्या ठेवाव्यात.

कार्यक्रम वही : तारीख, वेळ, विषय, मिनिटे, बोलणाऱ्याचे नाव व गाव, आणि कार्यक्रम स्थानिक की बाहेरचा. येणाऱ्या प्रत्येक वक्त्याची सही घेतल्याशिवाय त्याला सोडू नये, मग तो प्राध्यापक का असेना. महिन्याच्या शेवटी स्थानिक कार्यक्रमांच्या मिनिटांची बेरीज करून टक्केवारी काढावी.

बैठक वही : सल्लागार समितीची बैठक, हजर सदस्यांच्या सह्या व झालेले निर्णय.

हिशेब वही : केंद्राचा जमाखर्च, जाहिरातींची बिले व त्यांची मिनिटे, भरलेल्या शुल्काच्या पावत्या.

यंत्र वही : प्रक्षेपक यंत्र चालू-बंद केल्याच्या वेळा, बिघाड, दुरुस्ती, मनोरा व वीजरोधकाची तपासणी. कोकणच्या पावसाळ्यात वीज पडून किंवा विद्युतदाब वाढून यंत्र बंद पडण्याचा धोका असतो. अशा वेळी केंद्र किती दिवस व का बंद होते, हे या वहीवरून दाखविता येते.

वर्षाचे वेळापत्रक

पुढील वेळापत्रक हा सरकारी नियम नाही. शेतीच्या कामांशी मेळ बसावा म्हणून ते सुचविले आहे.

मार्च : सोसायटीचे नवे-जुने करतो त्याच सुमारास दोन्ही परवानग्यांची शुल्के, थकबाकी व तारखा तपासाव्यात.

एप्रिल-मे : वर्षाचे हिशेब बंद करून लेखापरीक्षकाकडे द्यावेत. पावसाळ्यापूर्वी मनोऱ्याचे ताण, भूमिजोडणी व वीजरोधक तपासून घ्यावेत.

जून-जुलै : पेरणी व लावणीच्या गडबडीत नोंदी राहून जातात. या काळात वह्यांची जबाबदारी एकाच व्यक्तीवर ठेवू नये, दोघांवर द्यावी.

ऑगस्ट-सप्टेंबर : समितीची बैठक घ्यावी. संस्थेचे पदाधिकारी बदलले असल्यास धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल झाला का, ते पाहावे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : लेखापरीक्षण अहवाल ठरलेल्या ठिकाणी सादर करून पोच घ्यावी.

डिसेंबर-जानेवारी : झोडणी आटोपल्यावर श्रोत्यांचा मेळावा घ्यावा. वर्षभरातील कार्यक्रम वही सर्वांसमोर वाचून दाखवावी.

मुदतीच्या शेवटच्या वर्षात

करारात नूतनीकरणाच्या अर्जासाठी सांगितलेली वेळ पाळावीच, पण तयारी मुदत संपण्यापूर्वी पूर्ण एक वर्ष सुरू करावी. त्यासाठी पुढील क्रमाने काम करावे.

१) अनुमती करार व दूरसंचार विभागाची परवानगी यांच्या तारखा मोठ्या अक्षरात लिहून केंद्राच्या भिंतीवर लावाव्यात.

२) संस्थेची नोंदणी, घटना, सध्याचे पदाधिकारी आणि सही करणाऱ्या व्यक्तीचा ठराव यांतील नावे एकमेकांशी जुळतात का, हे पाहावे. नावाच्या स्पेलिंगमधील फरकही अडचणीचा ठरतो.

३) जुन्या नियमांप्रमाणे रु. २५,००० ची बँक हमी दिली असल्यास तिची मुदत तपासावी.

४) मागील सर्व वर्षांचे तपासलेले हिशेब व शुल्काच्या पावत्या एका फाईलमध्ये लावाव्यात.

५) चार वह्यांवरून कार्यक्रमांचा गोषवारा तयार करावा.

६) मंत्रालयाचे अर्ज 'ब्रॉडकास्ट सेवा' व दूरसंचार विभागाचे अर्ज 'सरल संचार' या संगणकीय प्रणालींवर स्वीकारले जातात. प्रणालीत नोंदविलेला मोबाईल क्रमांक व ई-मेल संस्था सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा राहिलेला नाही ना, याची खात्री करावी. खात्याने विचारलेली त्रुटी तेथेच येते आणि कोणी न पाहिल्यास अर्ज पडून राहतो.

७) अर्ज दिल्यावर पोच जपून ठेवावी व दर पंधरा दिवसांनी अर्जाची स्थिती पाहावी.

श्रोत्यांनी काय करावे?

परवाना ही संस्थाचालकांची बाब आहे, आपला काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. परंतु स्थानिक सहभाग हीच परवान्याची मूळ अट असल्याने श्रोत्यांशिवाय ती पूर्ण होऊ शकत नाही.

आपल्या राज्याला याचा जुना अनुभव आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने सुमारे १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. गावातील काही शेतकरी ठरलेल्या वेळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. केंद्र त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमात देत असे. या प्रयोगाची दखल इतर देशांनीही घेतली. त्या काळी प्रश्न पत्राने जात. आज फोनने जातील, इतकाच फरक.

म्हणून गावात केंद्राचा आवाज पोचत असेल तर आठ-दहा जणांचे श्रोता मंडळ करावे. महिन्यातून एक तरी कार्यक्रम आपल्या गावाने द्यावा. बियाणे राखण्याची पद्धत, वालाच्या पिकाचा अनुभव, रानभाज्यांची माहिती, बचत गटाचा हिशेब असे विषय पुष्कळ आहेत. केंद्रावर गेल्यावर वहीत स्वतः नाव लिहावे. समितीत जागा असल्यास घरातील महिलांना पुढे करावे. आणि वर्षातून एकदा संस्थेला हक्काने विचारावे, "आपल्या केंद्राचा परवाना कधीपर्यंत आहे?"

कर्जत-खालापूरमध्ये केंद्र काढण्याचा विचार करणाऱ्यांसाठी

व्यक्तीला, राजकीय पक्षाला किंवा नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला परवानगी मिळत नाही. स्वयंसेवी संस्था नोंदणी होऊन किमान तीन वर्षे झालेली असावी. म्हणून केंद्रासाठी घाईने नवीन संस्था काढण्यापेक्षा भागात काम करणाऱ्या जुन्या, हिशेब स्वच्छ असलेल्या संस्थेला पुढे करावे. मनोऱ्याची जागा ठरविण्यापूर्वी खोऱ्यात कोठून कोठपर्यंत सरळ दृष्टी जाते, हे प्रत्यक्ष फिरून पाहावे. यंत्रांसाठी मदत गोळा करताना पहिल्या तीन वर्षांचे शुल्क, लेखापरीक्षकाची फी आणि दुरुस्ती यांची रक्कमही बाजूला काढून ठेवावी. आणि यंत्र येण्यापूर्वी चार वह्या आणाव्यात.

दहिवलीच्या बांधावर काकांनी विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे : केंद्र टिकते, पण ते रोजच्या नोंदीवर टिकते. मुदत संपण्याच्या महिन्यात धावपळ करून ते टिकत नाही. भाताची लोंबी अळीच्या तोंडी जात असताना आपले केंद्र गप्प राहू नये, यासाठी आजच्या कार्यक्रमाची सही आजच वहीत झाली पाहिजे. शेतकरी बंधू-भगिनींनी व संस्थाचालकांनी याप्रमाणे दक्षता घ्यावी.